इम्प्लांट 'टिकलं' म्हणजे नेमकं काय?

"पंच्याण्णव टक्के यश," दाताच्या इम्प्लांटबद्दल, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवतात त्या टायटॅनियमच्या स्क्रूबद्दल, डॉक्टर म्हणाले आणि मी मान डोलावली. यश कशातलं, हे विचारायचं घरी आल्यावर सुचलं. दहा वर्षांनी साधारण ९५ टक्के इम्प्लांट तोंडात शाबूत असतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. भोवतीची हिरडी सुजलेली, हाड झिजत चाललेलं, तरी मोजणीत ते 'टिकलेलं'च! सिगरेट ओढणाऱ्यांचं आणि साखर ताब्यात नसलेल्यांचं गणित तर आणखी वेगळं.

समाधानाचं म्हणाल तर माझ्या नव्या दाढेवर मी खूश आहे. फक्त ती मुकी आहे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती दाब ओळखणाऱ्या तंतूंचा पातळ थर असतो. टायटॅनियम थेट हाडाला जुळतं, मध्ये तो थर नाही, म्हणून चावताना दाब तितका कळत नाही. कॅपखाली अन्न अडकतं, ते रोज बारीक ब्रशने काढायचं. कंटाळवाणं काम, आणि हे आधी कुणी सांगत नाही.

खरी खुशी बघायची तर खालची कवळी हलणाऱ्यांची. दोन इम्प्लांटवर ती अडकवली की बोलताना उचलली जात नाही. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर हाच पहिला पर्याय असावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्येच म्हटलंय.