रक्तात गोळीचा अंश आणि कलम १८५ : माझा अनुभव

मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेली क्लोनाझेपामची अर्धा मिलिग्रॅमची गोळी मी चिंताविकारासाठी रोज रात्री घेत असे, आणि याच गोळीमुळे माझ्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खाली खटला चालला. लोक या कलमाला सरसकट ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ म्हणतात. माझ्या प्रकरणात दारूचा थेंबही नव्हता. गाडीचा पुढचा उजवा टायर फुटला आणि ती दुभाजकाला घासत जाऊन थांबली. इजा कोणालाच झाली नाही. पोलिसांनी फुंकायला लावलेल्या यंत्रात शून्य आले, परंतु गिअरजवळच्या खणात गोळ्यांची पट्टी दिसली आणि चौकशीचा रोखच बदलला. ग्रामीण रुग्णालयात माझे रक्त घेण्यात आले, गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे रात्रीच जामिनावर सुटका झाली आणि पुढे समन्स आले. त्यात भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणे, हेही जोडलेले होते.

“गुन्हा कबूल करा, दहा हजार भरा आणि मोकळे व्हा,” हा मेहुण्यांचा सल्ला. नातेवाइकांपैकी बहुतेकांचे मत तेच होते. वकील मॅडमनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितले, “सर, हे हेल्मेटचे चलन नाही. कलम १८५ मध्ये जागेवर तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटत नाही, आणि न्यायालयात कबुली दिलीत की ती दोषसिद्धी ठरते.” पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, पुन्हा असाच गुन्हा घडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. मी अनुदानित शाळेत शिक्षक आहे. फौजदारी दोषसिद्धीची नोंद सेवापुस्तकापर्यंत पोहोचली असती, आणि तीही ‘अमली पदार्थाच्या अंमलाखाली’ अशा शब्दांत. कबुलीचा विचार मी तिथेच सोडला.

कलम १८५ चे दोन भाग आहेत आणि आमचा सारा बचाव त्यांच्यातील फरकावर उभा होता. दारूसाठी आकडा ठरलेला आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा झाला, मग तुम्ही गाडी कितीही नीट चालवत असा. दुसऱ्या भागात, म्हणजे मादक द्रव्यांच्या बाबतीत, असा आकडाच नाही. तिथे चालकावर द्रव्याचा अंमल इतका असला पाहिजे की वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास तो असमर्थ ठरावा. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमातील मादक द्रव्याच्या व्याख्येत एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यातील मनःप्रभावी पदार्थ आणले आणि क्लोनाझेपाम त्या यादीत आहे, त्यामुळे ‘हे तर औषध आहे’ एवढ्याने सुटका नव्हती. गोळ्या बाळगणे मात्र बेकायदा नव्हते, कारण स्वतःच्या उपचारासाठी १०० मात्रांपर्यंत साठा जवळ ठेवण्याची मुभा एनडीपीएस नियमावलीच्या नियम ६६ मध्येच आहे. प्रश्न उरला तो असमर्थतेचा, आणि ती सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर होता.

दोषारोपपत्राच्या प्रती हातात आल्यावर मॅडमनी आधी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला न्यायालयात सगळे ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात, बाजूला ठेवला आणि वैद्यकीय तपासणीचा कागद काढला. तो छापील नमुना होता आणि त्यातील रिकाम्या जागा निळ्या बॉलपेनने भरलेल्या होत्या : चाल स्थिर, बोलणे स्पष्ट, बाहुल्या सामान्य, स्थळकाळाचे भान आहे, तोंडाला वास नाही. या ओळींच्या खाली त्याच हस्ताक्षरात ‘औषधाच्या अंमलाखाली असल्याची शक्यता’ असा शेरा होता. शेऱ्याचे कारण कुठेच लिहिलेले नव्हते. मी बरोबर चालत होतो, बरोबर बोलत होतो, तरी अंमलाखाली असण्याची शक्यता होती, कारण पोलिसांच्या पत्रातच ‘आरोपीजवळ झोपेच्या गोळ्या मिळून आल्या’ असे लिहिले होते. मला हा कागद साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतो, आणि अशा प्रसंगात सापडलेल्या कोणालाही मी सर्वात आधी त्याचीच प्रत मागायला सांगेन.

सी.ए. रिपोर्टमध्ये क्लोनाझेपाम ‘आढळले’ एवढेच होते, प्रमाण दिलेले नव्हते. हे औषध शरीरातून निम्मे उतरायलाच दिवस-दीड दिवस लागतो, त्यामुळे रोज रात्री गोळी घेणाऱ्याच्या रक्तात ते दिवसाच्या कोणत्याही वेळी सापडणारच.

एका मुद्द्यावर माझी भिस्त होती आणि तो फारसा उपयोगी पडला नाही. मोटार वाहन अधिनियमाच्याच कलम २०२ नुसार कलम १८५ खाली अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत व्हावी लागते. स्टेशन डायरीतील अटकेची वेळ आणि रुग्णालयाच्या एमएलसी रजिस्टरमधील, म्हणजे पोलीस प्रकरणांच्या नोंदवहीतील, वेळ यांत त्याहून जास्त अंतर होते. मला वाटले, खटला इथेच कोसळला. मॅडमनी कलम शेवटपर्यंत वाचायला लावले : मुदत चुकली तर आरोपीला कोठडीतून सोडावे, एवढेच तिथे म्हटले आहे. खटला रद्द व्हावा असे त्यात कुठेही नाही.

परवान्याचे प्रकरण वेगळ्याच वाटेने गेले. पोलिसांनी कलम २०६ खाली परवाना ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवला होता, आणि कलम १९ नुसार पहिल्या प्रसंगी तो तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतो. आधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, म्हणून सुनावणी झाली. मी डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिले आणि मोटार वाहन निरीक्षकाचा टायर फुटल्याचा अहवाल दिला. निर्णय माझ्या विरुद्ध गेला. खटल्याचा निकाल येईपर्यंत थांबण्याची विनंती मान्य झाली नाही, आणि शाळेला मी तेवढे दिवस एसटीने गेलो.

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर पुरावा सुरू होईपर्यंत अनेक तारखा नुसत्या पडल्या. पुकाऱ्याची वाट पाहत व्हरांड्यात बसायचे, साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख घ्यायची. खरे काम झाले ते वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या उलटतपासात. मॅडमनी आवाज चढवला नाही, शेऱ्याबद्दल थेट विचारलेही नाही. नमुन्यातील एकेक ओळ वाचून ‘हे तुम्ही स्वतः तपासून लिहिले ना?’ एवढेच विचारत गेल्या आणि डॉक्टर प्रत्येक ओळीला ‘होय’ म्हणत गेले. शेवटी त्यांनी मान्य केले की गोळ्यांची माहिती पोलिसांकडून मिळाली नसती, तर तो शेरा त्यांनी लिहिला नसता. १९७१ मध्ये बचुभाई हसनअल्ली कर्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वास, अडखळते बोलणे, अस्थिर चाल अशा लक्षणांवरून, रक्त-लघवीची तपासणी नसताना, नशेचा निष्कर्ष मान्य केला नव्हता. आमचे प्रकरण त्याच्या अगदी उलट होते : प्रयोगशाळेचा अहवाल होता, लक्षण एकही नव्हते.

बचावाचे साक्षीदार म्हणून माझे मानसोपचारतज्ज्ञ आले. सर्वात जड मला हेच गेले. भरल्या न्यायालयात, ओळखीच्या दोन पालकांसमोर, माझा आजार आणि औषधे यांची चर्चा होणार होती. पत्नीने तर साक्ष टाळण्याचीच विनंती केली होती. सरकारी अभियोक्त्यांनी गोळीमुळे सुस्ती येते का, असे विचारले. “येते, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा वाढवल्यावर,” असे डॉक्टर सरळ म्हणाले, आणि माझी मात्रा अनेक महिने तीच असल्याच्या नोंदी त्यांनी दाखवल्या. या प्रांजळपणामुळे त्यांची साक्ष टिकली असे मला वाटते. दुष्परिणाम नाकारले असते तर वेष्टनावरची सूचना दाखवून त्यांना खोटे ठरवणे सोपे होते.

निकालपत्रात न्यायाधीशांनी नमूद केले की औषधाचे अस्तित्व सिद्ध झाले आहे, वाहनावर नियंत्रण ठेवण्याची असमर्थता सिद्ध झालेली नाही, आणि अपघाताचे कारण निरीक्षकाच्या अहवालानुसार फुटलेला टायर हे आहे. दोन्ही कलमांतून माझी निर्दोष मुक्तता झाली, तीही ‘संशयाचा फायदा’ हे शब्द न येता, आणि त्याचे समाधान मला अधिक आहे. त्याच दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतींसाठी अर्ज दिला. एक प्रत शाळेच्या संस्थेला दिली, एक परिवहन कार्यालयाच्या फाइलला लावली, आणि एक विमा कंपनीला पाठवली. मादक द्रव्याचे कारण देऊन नाकारलेला गाडीच्या नुकसानीचा दावा तिने पुन्हा विचारात घेतला आहे.