माझा अनुभव: बुडबुड्यांची तार आणि प्रवाहातल्या पट्ट्या

भिंतीलगतच्या प्रक्षुब्ध, म्हणजे खळबळत अस्ताव्यस्त वाहणाऱ्या, प्रवाहात मंद वेगाच्या लांबट पट्ट्या असतात, हे 1967 मध्ये स्टॅनफर्डला क्लाइन आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजनचे बुडबुडे सोडून दाखवलं. मला त्या आमच्या प्रयोगाच्या पाण्याच्या चॅनलमध्ये बघायच्या होत्या. पंप, जाळ्या, वेग मोजणं, सगळं बिनबोभाट पार पडलं. घोडं अडलं ते तारेपाशी.

तार प्लॅटिनमची, 50 मायक्रॉनची, तळाशी (आमच्याकडे भिंत म्हणजे हा तळच) समांतर आणि प्रवाहाला आडवी. तिला ऋण टोक जोडून विजेचे झटके दिले की बुडबुड्यांची सलग पांढरी रेघ सुटायला हवी. सुरुवातीला सुटायची. थोड्याच वेळात तिच्यात खिंडारं पडायची आणि पुढे काळे पट्टे वाहायचे. डोक्याला ताप व्हायचा तो इथेच, कारण हे काळे पट्टे खऱ्या रचनेसारखेच दिसतात! कितीतरी चित्रीकरण त्यापायी टाकून द्यावं लागलं, त्याचा राग अजून आहे.

ओळखायचं असं: पट्टा दर वेळी तारेच्या त्याच बिंदूपासून निघत असेल तर दोष तारेचा. खऱ्या पट्ट्या जागा बदलतात, डुलतात, वर उचलल्या जातात आणि अचानक विस्कटतात. बुडबुडे मंद पट्टीत गोळा होतात, म्हणून ती उजळ दिसते.

तारेवर कचरा बसतो, शिवाय पाणी जड असेल तर क्षारांचा थर चढतो. उपाय सोपा आहे. टोकं काही सेकंद उलटी करायची, थर सुटतो. प्रत्येक चित्रीकरणाआधी हे कराच. वीज नीट वाहावी म्हणून पाण्यात थोडं सोडियम सल्फेट घाला. मीठ नको, धन टोकाशी क्लोरीन सुटतो.

हो, प्रकाशाचं राहिलंच. दिवा कॅमेऱ्यामागे ठेवू नका. समोरच्या बाजूने तिरका, कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा झोत हवा आणि पार्श्वभूमी काळी. आणि नळाचं ताजं पाणी लगेच वापरू नका. त्यात विरघळलेली हवा काचेवर फुगे धरते.

शेवटी पट्ट्या दिसल्या. आमच्याकडे घर्षणवेग (भिंतीवरच्या घर्षणावरून काढलेला वेग) सेकंदाला 1 सेंटिमीटरच्या आसपास होता, म्हणजे भिंतीचं एकक (पाण्याची श्यानता, म्हणजे चिकटपणा, भागिले घर्षणवेग; भिंतीलगतची अंतरं यात मोजतात) 0.1 मिलिमीटर. पट्ट्यांमधलं सरासरी अंतर अशी सुमारे 100 एककं असतं. पडद्यावर मोजपट्टी धरून मोजलं, साधारण 1 सेंटिमीटर आलं. त्या दिवशी मी येईल त्याला ते चित्रीकरण दाखवत होतो.