घाटाखाली जाम झालेलं चाक

धारूरचा घाट उतरून तेलगावकडं निघालं की रस्त्याला माझं गॅरेज लागतं. बालाघाटावरून खाली येणारी प्रत्येक गाडी इथपर्यंत ब्रेकवरच येते, त्यामुळं माझ्याकडं ब्रेकचं काम जास्त. लायनर संपलेली, केबल तुटलेली, ऑइल तापून लिव्हर मऊ पडलेली अशा गाड्या रोजच्याच. दिवाळीनंतर एका सकाळी आलेल्या गाडीचा रोग उलटा होता. तिचा ब्रेक लागला होता आणि सुटत नव्हता.

जळका वास आधी आला, गाडी नंतर. एक तरुण आणि टेम्पोवाले दोघं जण पुढचं चाक उचलून १५० सीसीची गाडी मागच्या चाकावर ढकलत आणत होते. पाठीमागं त्या तरुणाची आई, डोळ्याला काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि माजलगावला तपासणीसाठी चालली होती. शेवटच्या वळणावर पुढचं चाक धरायला लागलं, गाडी हेलपाटली, पण पोरानं वेग आधीच कमी केला होता म्हणून दोघं पडले नाहीत. माऊलीच्या डोळ्याचे टाके कच्चे होते. काय झालं असतं ते मनात आलं आणि माझे हात गार पडले.

गाडी स्टँडवर लावेपर्यंत हॉटेलवाला पाण्याची बादली घेऊन आला. मी ओरडूनच त्याला थांबवलं. डिस्क प्लेट निळी पडली होती, जवळ हात नेला तर झळ लागत होती. इतकं तापलेलं लोखंड पाण्यानं एकदम गार केलं की प्लेट वाकते, कधी तडकतेही. वाकलेली प्लेट पुढं प्रत्येक ब्रेकला लिव्हर थरथरवते. गाडी तापली की पाणी ओतायची आपल्याकडं सगळ्यांना सवय आहे. इंजिन असो की डिस्क, कृपा करून ओतू नका. वाऱ्यानंच गार होऊ द्यावी.

"काल परवाच पॅड बदलले काका, नवे टाकलेत," पोरगा म्हणाला. "घरीच बदलले. व्हिडिओत दाखवलं तसंच सगळं केलं. कामून जाम व्हायली काय कळंना."

आई मधेच म्हणाली, "त्याला बोलू नका भाऊ. दोन पैसे वाचतील म्हणून केलं लेकरानं."

मला बोलायचं नव्हतंच. डिस्क ब्रेकचे पॅड, म्हणजे डिस्क प्लेटला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवणारे तुकडे, घरी बदलता येतात, आणि ज्याला हात चालवायची आवड आहे त्यानं ते बदलावेत असं माझं ठाम मत आहे. पाना आणि एलन की हाताळता आली पाहिजे, जागा स्वच्छ पाहिजे. ज्या गावातून जवळचं गॅरेज वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, तिथल्या माणसाला हे यायलाच हवं. माझ्या पोऱ्याला सांगून मी आधी माऊलीला त्याच्या गाडीवर माजलगावला पाठवलं, कारण दवाखान्यातला नंबर चुकला असता. मग कामाला बसलो.

इथं एक घाई होती. गाडी पूर्ण थंड होऊ दिली असती तर चाक आपोआप सुटलं असतं. सगळे म्हणाले असते, झाली बरी, जाऊ द्या. आणि पुढच्या उतारावर तीच गोष्ट परत. चाक धरलेलं आहे तोवरच कारण सापडायला हवं होतं. झळ जरा कमी झाली, चाक अजून हातानं फिरत नव्हतं, तेवढ्या वेळात मी कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाच्या, निप्पलला (ऑइल बाहेर काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि आठ नंबरच्या पान्यानं निप्पल पाव फेरा ढिला केला. ऑइल पिचकारीसारखं बाटलीत आलं आणि चाक त्याच क्षणी सुटलं.

एवढ्यानं अर्धं उत्तर मिळालं. निप्पल उघडूनही चाक धरलेलंच राहिलं असतं, तर दोष कॅलिपरमध्ये असता: ऑइलच्या दाबानं पॅड ढकलणारा पिस्टन अडकलेला किंवा ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या गंजलेल्या. ऑइल सुटताच चाक सुटलं, म्हणजे लिव्हर सोडल्यावरही पाइपात दाब कोंडून राहिला होता. मग तो वर परत का गेला नाही, हे शोधायचं.

हँडलवरच्या मास्टर सिलिंडरची, म्हणजे लिव्हर दाबली की ऑइल खाली ढकलणाऱ्या भागाची, डबी मी कपडा गुंडाळून उघडली. ब्रेक ऑइल टाकीच्या रंगावर पडलं तर रंग खातं, म्हणून कपडा. खालून थोडं ऑइल काढूनही डबी काठोकाठ होती. झाकणाखालचं रबर पार वरच्या पत्र्याला चिकटलेलं, घडीला हलायला जागाच नाही.

"ऑइल कधी टाकलं होतंस?"

"पॅड बदलायच्या आधी, महिना झाला असंल. काचेत खालच्या रेषेवर आलं होतं, म्हणून वरपर्यंत भरलं."

आता सगळी गोष्ट जुळली. पॅड झिजत जातात तसा पिस्टन थोडा थोडा बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. गळती नसताना डबीतली पातळी खाली गेली, तर बहुतेक वेळा तो पॅड संपत आल्याचा निरोप असतो. तेव्हा आधी पॅड बघायचे. ह्यानं आधी ऑइल भरलं. नंतर नवे, जाड पॅड बसवायला पिस्टन आत दाबले. पिस्टनमागचं सगळं ऑइल परत वर गेलं आणि भरलेल्या डबीत आणखी भरलं.

"पिस्टन आत जाईना, म्हणून शिकंजा लावून दाबला," तो म्हणाला. झाकण बंद ठेवूनच दाबला होता. झाकण काढून दाबला असता तर ऑइल उतू गेलं असतं आणि त्याला तिथंच कळलं असतं.

घरापासून बाजारापर्यंत सपाटीवर काही जाणवलं नाही. घाटात मात्र पुढचा ब्रेक सतत लागत राहिला, प्लेट तापली, ती उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला लागली. ऑइल तापलं की फुगतं. लिव्हर सोडल्यावर फुगलेलं ऑइल परत जायला मास्टर सिलिंडरच्या तळाशी एक बारीक छिद्र असतं, पण वर डबीतच जागा नव्हती. मग फुगलेल्या ऑइलनंच पिस्टन दाबला, पॅड प्लेटला घासत राहिले, त्यानं आणखी उष्णता, आणखी फुगवटा. शेवटच्या वळणापर्यंत चाक जाम.

ते छिद्र मोकळं आहे का तेही बघितलं, कारण ते बुजलं तरी हाच त्रास होतो. सिरिंजनं पातळी खाली आणली आणि लिव्हर अगदी हलकेच दाबली. ऑइलवर छोटासा फवारा उठला. छिद्र मोकळं होतं.

पोरानं एक फार चांगलं काम केलं होतं: जुने पॅड डिकीत ठेवले होते. मी ते हातात घेतले. पिस्टनच्या बाजूचा पॅड पत्र्यापर्यंत गेलेला, पलीकडचा निम्मा शिल्लक. कॅलिपर पिनांवर सरकत नसला की अशी एकतर्फी झीज होते. आमच्याकडं पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटते, कॅलिपरमध्ये शिरते आणि उन्हाळ्यात वाळून घट्ट होते, त्यामुळं ह्या पिना माझ्याकडं सारख्या अडकलेल्या येतात. म्हणजे नवे पॅड टाकूनही ह्याचा एक पॅड लवकर संपलाच असता. पिनांचे रबर उचलून बघितले, आत ग्रीसचा पत्ता नव्हता.

त्यानं विचारलं, "एबीएस असतं तर नसतं ना झालं असं?" त्याची गाडी जुनी होती. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, पण ते लिव्हर करकचून दाबल्यावर चाक लॉक होऊ नये म्हणून. ऑइलला परत जायला जागाच ठेवली नाही, तर एबीएस ती जागा कुठून आणणार?

मग मी पाना त्याच्या हातात दिला आणि म्हणलं, आता परत तूच कर, मी बघतो.

त्यानं कॅलिपर उतरवला. तो पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं बांधून ठेवायचा, हे एकदा सांगितलं आणि त्यानं लगेच तार शोधली. पिस्टन बाहेरून साफ केल्याशिवाय आत दाबायचा नाही, नाहीतर चिकटलेली माती सील कापते. साफ करायला त्याच जातीचं ताजं ब्रेक ऑइल कपड्याला लावून घ्यायचं. पेट्रोल आणि डिझेल रबराला फुगवतं. पिना पॉलिश पेपरनं चकचकीत केल्या आणि त्यांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं चाकाचं ग्रीस तिथं लावायचं नाही, आणि पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तर ग्रीसचं बोटही लागता कामा नये. कालच टाकलेल्या पॅडचा पृष्ठभाग जळून काचेसारखा झाला होता, ते मी परत बसू दिले नाहीत, नवे घालायला लावले. प्लेटजवळ तार धरून चाक फिरवलं, प्लेट सरळ होती. जाडी मोजली, प्लेटवर कोरलेल्या किमान मापाच्या वरच होती.

ऑइल मात्र सगळं बदललं. इतकं तापलेलं ऑइल ठेवायचं नसतं. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ ह्या प्रतीचं ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, ओल धरल्यावर ती हद्द १५५ पर्यंत उतरू शकते, आणि उकळलं की पाइपात वाफ होऊन लिव्हर हँडलला टेकते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं आणि सीलबंद बाटलीतलंच घालायचं. उघडून कपाटात ठेवलेली बाटली नको. डॉट ३ की ४ ते डबीच्या झाकणावर लिहिलेलंच असतं. पाइपातली एअर काढली, आणि डबीतली पातळी दोन रेषांच्या मधे ठेवली.

सगळं बसवून तो गाडीवर टांग टाकायला लागला तेव्हा मी हात धरला. लिव्हर दाब, म्हणलं. पहिल्या दाबाला लिव्हर सरळ हँडलपर्यंत गेली आणि त्याचा चेहरा उतरला. पिस्टन आत ढकललेला असतो, तो पॅडपर्यंत परत यायला लिव्हर बऱ्याच वेळा मारावी लागते. घरी पॅड बदलणाऱ्यांच्या हातून सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच होते: लिव्हर न मारता गाडी रस्त्यावर काढतात आणि पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो. दाबत दाबत लिव्हर कडक झाली. मग चाक उचलून फिरवलं, मोकळं. आधी अंगणात चालत्या वेगानं ब्रेक मारून बघायचा, आणि पुढचे शे-दोनशे किलोमीटर नवे पॅड प्लेटला बसेपर्यंत जोरात मारायचा नाही, हेही सांगितलं.

पैसे द्यायला त्यानं पाकीट काढलं तेव्हा मी विचारलं, "अजून कोणाच्या गाडीला हात लावलास का?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "दाजीच्या. त्याच दिवशी. ऑइल पण मीच भरलं होतं."

दाजी ऊसतोडीला निघाले होते. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सामान आणि बाकी माणसं ट्रकमध्ये, आणि हे नवरा-बायको गाडीवर ट्रकच्या मागं. पहाटे धारूरहून केजकडं निघाले होते. पोरानं फोन लावला, बंद. परत लावला, बंद. त्याचे हात कापत होते. मी म्हणलं, टोळीतल्या कोणाचाही लाव. ट्रकमधल्या एकानं उचलला आणि मागं हात करून दाजींना थांबवलं. केजच्या पुढं, कळंबच्या रस्त्याला.

फोन मी घेतला. "दाजी, पुढच्या प्लेटजवळ हात न्या, लावू नका. झळ येती का?"

"येती की. जड बी चालायलीय सकाळपून. मला वाटलं वज्जामुळं."

त्यांना उताराला न जाता तिथंच सावलीत गाडी उभी करायला सांगितलं. हँडल सरळ ठेवून काचेत बघा, ऑइलची रेघ दिसते का? दिसत नव्हती, काच पूर्ण भरलेली. मग टाकीवर जुनं लुगडं टाकायला लावलं, झाकणाचे दोन स्क्रू काढायला लावले. झाकण उचलताच ऑइल काठावरून सांडलं, हे त्यांच्या बायकोनंच फोनवर ओरडून सांगितलं. सिरिंज नव्हती. स्वच्छ, कोरड्या कापडाची चिंधी बुडवून टिपून घ्यायला सांगितलं, वरच्या रेषेच्या खाली येईपर्यंत. लिव्हरला तोवर हात लावायचा नाही. सांडलं तिथं पाण्यानं धुऊन घ्यायचं, पण प्लेटवर पाणी नाही. झाकण लावल्यावर लिव्हर मारून कडक होते का बघितलं, आणि अर्ध्या तासानं पुढचं चाक उचलून फिरवलं तर मोकळं फिरलं.

कळंबला पोचल्यावर गॅरेजमध्ये ऑइल बदलून घ्या आणि पॅड जळलेत का बघायला लावा, तोवर हळू चाला आणि मागच्या ब्रेकवर भर ठेवा, असं सांगून फोन ठेवला. दुपारी त्यांचाच फोन आला. ऑइल बदललं होतं, पॅड ठीक निघाले होते, पिनांना ग्रीसही लावून घेतलं होतं.

"झळ?" मी विचारलं.

"न्हाई आता. निगू का?"

"निघा," म्हणलं.