पुस्तकातला प्रयोग आधी स्वतः करून बघा

पहिली ते पाचवीतल्या मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक निवडणं तसं सोपं असतं, दुकानात उभ्या उभ्या चार पानं वाचली की अंदाज येतो मूल रमेल की नाही. खरी पंचाईत होते ती माहितीची आणि "करून बघा" टाइपची पुस्तकं घेताना, कारण ती बाहेरून फार देखणी असतात. चकचकीत कागद, कव्हरवर तोंड वासलेला डायनोसॉर, कोपऱ्यात पिवळ्या गोलात "१०१ प्रयोग", आणि इथे वडोदऱ्यात, रावपुऱ्यात दुकानदारही सांगतो, "बेन, आ तो बहु चाले छे". चालत असेलही. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याने त्यातला एक तरी प्रयोग स्वतः करून बघितला होता का, हे मला आधी कळायला हवं असतं.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधी मला बरेच जण विचारतात की काकू मुलांना काय घेऊ, आणि व्हॉट्सअॅपवर तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं इथेच लिहून टाकते.

सगळ्यात कॉमन प्रयोग घ्या, म्हणजे माझं म्हणणं लगेच लक्षात येईल. ताटलीत थोडं पाणी, मधोमध मेणबत्ती, ती पेटवून वरून काचेचा ग्लास उपडा घालायचा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. मी चाळलेल्या बहुतेक प्रयोगांच्या पुस्तकांत हा असतोच, आणि खाली स्पष्टीकरण ठरलेलं, की ज्योतीने ग्लासातला ऑक्सिजन संपवला, हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढं चढलं. हे इतकं चपखल बसतं की पुढे कुणी काही विचारतच नाही, मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात.

आमच्याकडे रविवारी सोसायटीतली मुलं जमतात, त्यांना मी हा प्रयोग करायला दिला (काडी मोठ्यांनीच लावायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे) आणि एवढंच म्हटलं की पाणी कधी चढतं ते नीट बघा. पाणी दिसावं म्हणून चिमूटभर हळद घातली होती. तर ज्योत जळत असते तेव्हा पाणी जवळजवळ हलत नाही, उलट ग्लासच्या कडेने एखाद-दुसरा बुडबुडा बाहेर येतो, आणि ज्योत विझली रे विझली की पाणी सर्रकन वर येतं. आता ऑक्सिजन संपतो तसतशी जागा रिकामी होत असती तर पाणी जळता जळताच हळूहळू चढायला हवं होतं ना? मग चौथीतल्या एका मुलीने त्याच ग्लासखाली एकाऐवजी तीन छोट्या मेणबत्त्या ठेवायला लावल्या, तर पाणी आधीपेक्षा बरंच जास्त चढलं. ग्लास तोच, आतली हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच! तिथे पुस्तकातलं स्पष्टीकरण मुलांनी स्वतःच बाजूला ठेवलं. खरं मुख्य कारण उष्णतेचं आहे, ज्योतीमुळे हवा तापून फुगते, थोडी बुडबुड्यांतून बाहेर निसटते, विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते आणि मग बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. आणि ग्लासातला सगळा ऑक्सिजन संपतही नाही, बराच शिल्लक असतानाच ज्योत विझते.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. प्रयोगाच्या पुस्तकात चुकीचं कारण छापलं तर मूल नुसतं एक चुकीचं वाक्य शिकत नाही, ते हेही शिकतं की समोर काय दिसतंय ते सोडून छापलेलं मानायचं असतं.

शरीराच्या पुस्तकांत जिभेचा तो रंगीत नकाशा अजून छापतात, टोकाला गोड, कडेला आंबट-खारट आणि मागे कडू. १९०१ सालच्या एका जर्मन शोधनिबंधाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि तो नकाशा जगभर पुस्तकांतून फिरत राहिला. खरं तर सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात, कुठे किंचित कमी कुठे किंचित जास्त एवढाच काय तो फरक. इअरबडला साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबू आणि कारल्याचा रस लावून पाच मिनिटांत तपासता येतं. (कारल्याला सगळ्यांनी बोंब मारली, तरी पुन्हा पुन्हा करून बघितलं.) आणि अवकाशाच्या पुस्तकात नऊ ग्रह दिसले तर सरळ खाली ठेवा, प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रहांत टाकलंय, म्हणजे ते पुस्तक तेव्हापासून कुणी उघडून तपासलेलं नाही. विमानाचं, समुद्राचं, किड्यांचं पुस्तक घेतानाही मी हेच करते, आपल्याला नक्की माहीत असलेली एखादी गोष्ट आत शोधायची आणि ती कशी लिहिलीय ते बघायचं.

दुसरं म्हणजे साहित्याची यादी. बोरॅक्स, पाइप क्लीनर, ड्राय आइस, अमुक मापाचं मेसन जार... हे परदेशातल्या पुस्तकावरून जसंच्या तसं उचललेलं असतं. मूल उत्साहाने यादी घेऊन येतं, आपण म्हणतो शनिवारी बघू, आणि तो शनिवार काही उगवत नाही. पहिली-दुसरीतल्या मुलाला तर आत्ता म्हणजे आत्ताच करायचं असतं. म्हणून जुना पेपर, दोरा, रबरबँड, बाटलीचं बूच, स्ट्रॉ, खोके एवढ्यात भागणारं पुस्तक माझ्यासाठी निम्मं पास.

या बाबतीत अरविंद गुप्तांच्या पुढे मला कुणी दिसत नाही. आयआयटी कानपूरचे इंजिनीयर, पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी, १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले, जे तिथल्या खेड्यांतल्या शाळांत १९७२ पासून चालू होतं. तिथल्या बाजारात काय मिळतं ते बघत बघत त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कितीतरी वर्षं कचऱ्यातून खेळणी बनवली, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या वेबसाइटवर ढिगाने पुस्तकं फुकट आहेत, मराठीतसुद्धा.

त्या काड्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण हे घरी लगेच करता येतं. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब म्हणून मागायची, काळी बारीक रबरी नळी असते, अगदी स्वस्त. तिचे दीड-दीड सेंटीमीटरचे तुकडे करायचे. काड्यांचा गूल आधी ब्लेडने खरवडून टाकायचा, हे काम आपलं. तुकड्याच्या दोन्ही तोंडांतून एकेक काडी घातली की झाला सांधा, आणि तो हवा तसा वाकतो. तीन काड्या तीन सांधे, त्रिकोण. चार काड्या चार सांधे, चौकोन. आता दोन्ही हातांत घेऊन दाबा. चौकोन लगेच तिरका होतो, दाबत राहिलात तर पार झोपतो. त्रिकोण काही केल्या हलत नाही. तिसरी काडी एकाच सांध्यात घालायची असेल तर ट्यूबच्या तुकड्याला मधे बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं (आमच्याकडे दाभण वापरतो), मग त्यातून वर काडी उभी राहते आणि पिरॅमिड, घर, काय वाटेल ते होतं. चौकोनी घर डुगडुगायला लागलं की मूल कुणी न सांगता कधीतरी एक काडी आडवी-तिरपी घालतं, आणि ते घर जे घट्ट होतं! त्यानंतर आमच्या मुलांना अलकापुरीच्या रस्त्याने जाताना मोबाईलच्या टॉवरमध्ये, होर्डिंगच्या मागच्या लोखंडात, सायकलच्या फ्रेममध्ये त्रिकोणच त्रिकोण दिसायला लागले आणि गाडीतून ओरडून दाखवायला लागली.

चांगलं अॅक्टिव्हिटी बुक मी असं ओळखते. त्यात प्रश्न असतो आणि उत्तर लगेच खालच्या ओळीत छापलेलं नसतं. "आता चौकोन दाबून बघ, काय झालं?" एवढं लिहून लेखक थांबतो. कापा-चिकटवा-रंगवा एवढंच असलेल्या पुस्तकांना माझा विरोध नाही, सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हाताला त्याने वळण लागतं, पण ती भराभर संपतात आणि नंतर रद्दीत जातात.

निव्वळ माहितीच्या पुस्तकांचं थोडं वेगळं. तिथे करायला काही दिलेलं नसतं, ते आपण शोधायचं. निळा देवमासा जगातला सगळ्यात मोठा प्राणी, लांबी ३० मीटरपर्यंत, हे वाक्य सगळ्या मुलांना पाठ आहे आणि त्यातलं ३० मीटर एकालाही दिसत नाही. आपल्या वडोदऱ्याचं नशीब असं की कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा खराखुरा सांगाडा आहे, ७० फुटांच्या आसपास लांब, १९४४ च्या सुमाराला महीच्या मुखाशी आलेला. तो बघून आल्यावर आम्ही सोसायटीच्या रस्त्यावर मीटरपट्टीने मोजून खडूने देवमासा काढला, वॉचमनच्या केबिनपासून सुरू केला तो बी विंगचं पार्किंग ओलांडून गेला, आणि मुलं त्याच्या पोटात ओळीने झोपून किती जणं मावतात ते मोजत होती. मग पुस्तक परत उघडलं. तेव्हा त्या पानावरचे बाकीचे आकडे, हृदय केवढं, जीभ केवढी, एकेका आकड्यावर थांबून थांबून वाचले, आणि "हे कुणी मोजलं, कसं मोजलं?" असं एकाने विचारलं. या वयाच्या मुलाकडून मला याहून वेगळं काही नको असतं.

मगरींचंही तेच. इंग्रजी पुस्तकात मगर म्हटलं की नाइल नदी आणि आफ्रिकेतली झेब्र्याची शिकार. आणि आमची मुलं राहतात कुठे, तर विश्वामित्रीच्या काठी, जिथे भर शहरात मगरी आहेत, कालाघोड्याच्या पुलावरून काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, २०१९ आणि २०२४ च्या पुरात तर रस्त्यावर आल्या होत्या. ही आपली गोड्या पाण्यातली मगर, काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या खड्ड्यातल्या तापमानावर ठरतं. हे लहान मुलांसाठी नीट लिहिलेलं, छान चित्रांचं, फक्त आपल्या नदीवरचं एक पुस्तक हवंय हो. मराठीत असो, गुजरातीत असो. पतंगाचंही हवं. ढढ्ढा (मधली उभी काडी), कमान (वाकवलेली आडवी काडी) आणि किन्ना (मांजा जोडायला पतंगाला बांधलेला दोरा) म्हणजे काय हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, पण किन्ना वरखाली केला की पतंग का गोते खातो हे सांगणारं पुस्तक मी अजून शोधतेय, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीच्या, आधीच्या पंधरवड्यात ते किती मन लावून वाचलं जाईल विचार करा.

भाषेचं इथे सगळ्यांचंच त्रांगडं आहे. शाळा इंग्लिश नाहीतर गुजराती मीडियमची, घरात मराठी, आणि मराठी पुस्तकं पुण्याहून कुणी येणार असेल तर मागवायची. मी म्हणते पुस्तक कुठल्याही भाषेतलं आणा, करताना बोलणं मराठीत होऊ द्या. आजीला पुस्तकातलं इंग्रजी वाचता आलं नाही तरी ताक घुसळताना लोणी वर का येतं यावर ती नातवाशी पुस्तकाच्या चार पानांहून जास्त बोलू शकते. आणि फुकटात हवं असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीवर ही वेबसाइट आहे, २०१५ पासून, त्यावर विज्ञानाची छोटी छोटी पुस्तकं मराठी-गुजराती दोन्हीत सापडतात, प्रिंट काढून घरी शिवली तरी चालतात. दोन भाषांतलं एकच पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचायला आमच्याकडच्या मुलांना फार आवडतं.

खरं सांगायचं तर या गावात हे काम शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून लायब्ररीचं जाळं उभं केलं, पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी पाठवायचे, आणि मुलांसाठी वेगळा विभाग ठेवला. एवढ्यावर न थांबता मुलांसाठी माहितीची पुस्तकं लिहून घेतली, मराठीत आणि गुजरातीत, श्रीसयाजी बालज्ञानमाला या नावाने. राजाने सरकारी पैशाने मुलांसाठी ज्ञानाची पुस्तकं काढायची आणि तीही दोन्ही भाषांत! मला याचा मनापासून अभिमान वाटतो, आणि आज आपल्या मुलांच्या हातात गावातलं असं एकही नवं पुस्तक नाही याचं तितकंच वाईट वाटतं.

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी भागातल्या जुन्या घरांत, माळ्यावर किंवा आजोबांच्या कपाटात या बालज्ञानमालेतलं एखादं पुस्तक पडलेलं असण्याची खूप शक्यता आहे. कुणाकडे असेल तर मला कळवा, पुस्तक नकोय, मी मोबाईल घेऊन येते आणि तुमच्यासमोर पानांचे फोटो काढून घेते. त्यात मुलांना करायला काय काय दिलं होतं ते बघायचंय, आणि जे जमेल ते या सुट्टीत रविवारच्या मुलांबरोबर करून बघायचंय.