तुम्ही विचारलंत म्हणून: गंज आधीच का नाही कळत?

"एवढा डेटा असतो ना तुमच्याकडे, मग विमान उघडल्यावरच गंज कसा सापडतो?" मी विमानांच्या दुरुस्तीचं शेड्यूल आखते म्हटलं की हा प्रश्न येतोच: लग्नात, ट्रेनमध्ये, परवा भाच्याच्या मुंजीतसुद्धा. एकदाच नीट सांगते.

कुठल्या विमानाला किती गंज लागेल याचा अंदाज आम्ही बांधतो आणि तो बऱ्यापैकी जमतो. विमान समुद्रापासून किती लांब उभं असतं, आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर वर्षातले किती तास राहते, गोड्या पाण्याने कितीदा धुतलं, हे सगळं धरतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ना, तेच इथे होतं, हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावरचं मीठ पाणी ओढून घेतं आणि ते खारं पाणी रिव्हेटच्या कडेने सांध्यात शिरतं. त्यामुळे जोधपूरची दोन वर्षं आणि किनाऱ्यावरची दोन वर्षं सारखी धरता येत नाहीत, आणि नुसते उड्डाणाचे तास मोजून भागत नाही कारण उभं विमानही गंजतं.

आता एका मालवाहू विमानाची गोष्ट. टॉयलेटखालच्या कामाला मी 60 मॅन-अवर्स धरले होते, तेही पुढच्या वर्षी. वॉरंट साहेब, म्हणजे आमचे वॉरंट ऑफिसर, टेक्निशियन, म्हणाले, "मॅडम, याचं पोट आधी उघडू, खाली पाणी साचतंय असं वाटतंय." मी म्हटलं, शेड्यूलमध्ये आहे ना, तेव्हा बघू. आठ महिन्यांनी पॅनल उचललं तर 7075 ॲल्युमिनियमच्या (विमानात वापरतात तो मजबूत मिश्रधातू) बीमवरचा रंग पापडासारखा फुगलेला. साहेबांनी प्लास्टिकचा स्क्रेपर लावला आणि धातूचे पापुद्रे खारी बिस्किटासारखे सुटून आले. ड्रेन होल, म्हणजे पाणी निघून जायचं भोक, कुणीतरी सीलंटने बुजवलं होतं. 60 चे 400 तास झाले, विमान चार महिने जमिनीवर. साहेब काहीच बोलले नाहीत, गंजाची पांढरी भुकटी चिमटीत धरून मला दाखवली फक्त.

बुजलेलं भोक कुठल्याच रेकॉर्डमध्ये नव्हतं, अंदाजाचं मॉडेल अख्ख्या ताफ्याचा अंदाज देतं, एकेका विमानाचा नाही, हे मी चौकशीत सांगितलं आणि आजही तेच सांगेन. पण मला सांगणारा माणूस समोर उभा होता, त्याचं बोलणं मी माहितीत धरलंच नाही.

आता माझ्या शीटमध्ये टेक्निशियनच्या शंकेचा वेगळा कॉलम आहे. त्याला वजन किती द्यायचं हे मला अजून जमलेलं नाही, कारण प्रत्येक शंकेला पॅनल उघडलं की सीलंट तुटतं, रंग खरवडतो आणि गंजाला नवी वाट मिळते. गेल्या महिन्यात अशीच एक शंका आलीये. उघडायचं की नाही, उद्या परत बसणार आहोत.