पैलवानाचा दंड आणि माझा पट्टा

मंगळवार पेठेत दवाखाना म्हटल्यावर तालमीतली पोरं येणारच. कुणाचं मनगट मुरगळलेलं, कुणाचा कान सुजलेला. त्या दिवशी आलेल्या पैलवानाला मात्र काहीच झालं नव्हतं. वय तेवीस. नोकरीच्या मेडिकलमध्ये बीपी जास्त निघालं म्हणून पुन्हा मोजायला सांगितलेलं. सोबत त्याचे वस्ताद.

"म्याडम, पोरगं घोड्यागत हाय. ह्येला कसला बीपी?"

माझं पाऱ्याचं जुनं मशीन काढलं. पट्टा कसाबसा दंडाभोवती पोचला. १५८/९६.

"एकशेअठ्ठावन्न काय? किलो का लिटर?" वस्तादांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. म्हटलं, मिलिमीटर. पट्टा फुगवून धमनी दाबायची, मग हवा हळूहळू सोडायची. स्टेथोस्कोपमध्ये पहिली टकटक ऐकू येते तेव्हा पारा जेवढा उंच, तो वरचा आकडा; आवाज बंद होतो तेव्हाचा खालचा. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, म्हणून नळी एवढीशी पुरते. पाणी भरलं असतं तर ते दोन मीटरच्याही वर चढलं असतं. आणि घोड्याचं म्हणाल तर आधी त्याचंच मोजलं गेलंय! स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली, रक्त आठ फुटांच्या वर गेलं. १७३३ साली त्यानं ते छापलंसुद्धा.

वस्ताद खूश. मी मात्र गोळीचा विचार करत होते. तेवढ्यात पैलवानानं घड्याळ नीट करायला हात दुमडला आणि पट्टा चर्रकन सुटून खाली पडला.

मग टेप आणला. दंडाचा घेर ४३ सेंटीमीटर. पट्ट्यातल्या रबरी पिशवीनं घेराचा निदान ८० टक्के भाग वेढायला हवा. माझी जेमतेम निम्म्यावर पोचत होती. अशी अपुरी पिशवी धमनीवर नीट दाब देत नाही, हवा जास्त भरावी लागते आणि आकडा फुगतो. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

शिवाय तो जिना चढून आल्या आल्या मी मोजलं होतं, हात खाली लोंबत होता आणि आम्ही तिघंही बोलत होतो. एकेक चूक चार-सहा मिलिमीटरची, कधी त्याहून जास्त.

राजारामपुरीतल्या एका सरांकडून मोठा पट्टा मागवला. तोवर पोराला लघवीला जाऊन यायला सांगितलं, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. १३०/८२. मिनिटाभरानं पुन्हा १२८/८०. चिठ्ठीवर आकड्यांसोबत पट्ट्याचं मापही लिहून दिलं.

"बघा, म्हटलं न्हवतं?" वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "आता आलोयच तर माझंबी बघा."

त्यांच्या वाळक्या दंडाला माझा नेहमीचा पट्टा अगदी बेतलेला. त्यांनाही पाच मिनिटं गप्प बसवलं, ते फार जड गेलं त्यांना. दोनदा मोजलं. १७४/१०२, १७२/१००.

वस्ताद बराच वेळ पाऱ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्याडम, त्यो मोठा पट्टा लावून बघा की."