अळसांद्याचा (आमच्याकडच्या गावठी चवळीचा) तिसरा हंगाम, आणि या वेळी एक थेंब पाणी दिलं नाही

काल शेंगा बडवून झाल्या, पाखडून काट्यावर ठेवल्या, २१ किलो भरले. चार गुंठ्यांत, एक किलो बियाण्यावर. गेल्या वर्षी याच कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) ९ किलो आले होते नि मी आठवडाभर तोंड पाडून बसलेलो, त्यामुळे हा आकडा मी आज घरात तीनदा सांगितलाय, बायको म्हणाली आता पुरे.

पहिल्या वर्षीची चूक तर सांगायलाही लाज वाटते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बेळगावची भाजी यायची बंद झाली तेव्हा आमच्याकडे गोव्यात बऱ्याच जणांना परसात काहीतरी लावायची हुक्की आली, त्यातलाच मी एक, फक्त माझी हुक्की नंतर गेली नाही. भेंडी, दोडकी, मुळा असं करत करत एकदा अळसांद्यांवर आलो आणि जूनमध्ये मोरडीवर, म्हणजे उंचावरच्या जमिनीत, पेरले. पाऊस आहे, पाणी फुकट आहे, मग का नको, असा हिशोब. वेल असा काय माजला की कंपाउंड दिसेना, फूल मात्र एक नाही. आपल्या गावठी अळसांद्याला फुलायला लहान दिवस लागतो. जूनमध्ये आपल्याकडे दिवस साधारण १३ तासांचा, डिसेंबरात सव्वाअकरा, त्या पावणेदोन तासांच्या फरकावर सगळं अडलेलं असतं हे मला पाला गुरांना घातल्यावर कळलं. गुरं खूश होती.

दुसऱ्या वर्षी वेळ बरोबर साधली, भात कापल्यावर नोव्हेंबरात पेरले, पण मग पाणी देत बसलो. तिळारीच्या कालव्याचं पाणी आमच्या पेडण्यात बऱ्याच ठिकाणी आलंय, पाइप आहे, पंप आहे, तर हात गप्प कसे बसतील. दर चार दिवसांनी पाणी. पानं हिरवीगार, तळहाताएवढी, फोटो काढून सगळ्यांना पाठवले. शेजारच्या काकी मेरेवरून (बांधावरून) जाताना थांबल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी कित्याक घालतंस रे? तेका दंव पुरो." मी हसलो. जानेवारीत शेंड्यांवर मावा असा बसला की देठ काळे दिसायला लागले, फुलं गळली, आणि पुढचे ते ९ किलो तुम्हाला माहीत आहेतच.

म्हणून या वर्षी ठरवलं, काकी सांगतील तेच करायचं, मध्ये अक्कल घालायची नाही. बीसुद्धा त्यांच्याकडचंच घेतलं, एक किलो. फेणीच्या रिकाम्या बाटल्यांत राख मिसळून बूच घट्ट मारून ठेवलेलं होतं, एक दाणा किडलेला नाही. माझे प्लास्टिकच्या डब्यातले गेल्या वर्षीचे दाणे बघितले तर प्रत्येकाला गोल भोक नि तळाशी पीठ.

भात ऑक्टोबरच्या शेवटी मशीनने कापलं. इथे एक तक्रार, मशीनचं चाक जिथे वळतं तिथे जमीन अशी दाबली जाते की पॉवर टिलरचे दातही वर उड्या मारतात, मेरेकडचा दोन हात रुंदीचा तो पट्टा यंदाही जवळजवळ फुकट गेला. बाकी कुणगा आमचा खेर जमिनीतला, थोडी रेती आहे, म्हणून जमतं. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, हे करायला जाऊ नका, पावसाळा सरला की तिथे खार वर येतो.

पेरायचं कधी हे काकींनी मुठीवर ठरवलं. माती उचलायची, मुठीत दाबायची, गोळा झाला पाहिजे पण बोटांना पाणी लागता कामा नये, आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडला की त्याचे तीनचार तुकडे व्हायला पाहिजेत. पहिल्या दिवशी गोळा थपकन चपटा झाला, "रव" म्हणाल्या. सहा दिवस थांबलो. १४ नोव्हेंबरला तुकडे झाले. टिलरच्या मागून चालत वीतभर अंतराने दाणे टाकले आणि वरून फळी फिरवली म्हणजे ओल उडून जात नाही. पाचव्या दिवशी माना वर काढल्या. मोरांसाठी मासेमारीच्या रापणीच्या जुन्या जाळ्याचे तुकडे चारी बाजूंनी बांधले, मोर त्यातूनही आले, पण गुरं नाही आली, भात कापल्यावर मोकळी सुटलेली गुरं म्हणजे एका रात्रीचं काम असतं.

डिसेंबरात माझी खरी परीक्षा. दुपारी पानं मान टाकायची, मी पाइपाकडे बघायचो. सकाळी सहाला गेलो की तीच पानं ताठ, वर दंवाचे थेंब, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजायचा. एक रोप मुद्दाम उपटून बघितलं. गेल्या वर्षी मुळं वरच्या वर जाळी करून बसली होती, यंदा सोटमूळ सरळ खाली गेलेलं, माझ्या कोपरापर्यंत, नि बाजूच्या मुळांवर मिरीएवढ्या गाठी. नखाने एक गाठ फोडली तर आत लालसर, कच्च्या मटणासारखा रंग. म्हणजे गाठ काम करतेय, हवेतला नत्र धरतेय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर समजायचं नुसती बसून खातेय. म्हणून युरिया तर अजिबात घालायचा नाही, आयता नत्र मिळाला तर ती गाठी कशाला करेल.

मावा यंदाही आला, पण चार ठिकाणीच. न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली आम्ही अजून नारळाची सोडणं नि चुडतं जाळतो, ती राख चाळून पहाटे दंव असतानाच मुठीने उडवली, ओल्या पानाला चिकटते, उन्हात उडवलीत तर वाऱ्याबरोबर तुमच्याच डोळ्यांत. तीन दिवस लागोपाठ केलं. गॅसवाल्यांनी राख कुठून आणायची ते मला विचारू नका, माझ्या मामेभावाने शेकोटीची आणली, त्यात प्लास्टिक जळलेलं होतं.

पालेभाजीचं मात्र उलटं आहे बरं का, हा पाणी न देण्याचा शहाणपणा तिथे चालवू नका. विहिरीजवळ तांबड्या भाजीचे (लाल माठाचे) तीन वाफे आहेत, तिला दोन वेळा पाणी लागतंच, फक्त संध्याकाळचं उशिरा दिलं तर पानांच्या मागे पांढरे पुळे येतात. बी खसखशीसारखं बारीक, रेतीत मिसळून फेकायचं, नाहीतर एका जागी जंगल नि दुसरीकडे टक्कल. मुंग्या बी पळवतात म्हणून कडेने परत राखच. पंचविसाव्या दिवसापासून मुळासकट उपटायची. कापून परत फुटू देणारे आहेत, त्यांच्याशी माझं जमत नाही, दुसऱ्या फुटीचा देठ चावत बसावा लागतो. कोवळी जुडी, कांदा, मिरची, मूठभर खोबरं, आणि फणसाच्या आठळ्या असतील तर काय विचारता. हे खाल्ल्यावर बाजारातली ती पालक मला ओल्या कागदासारखी लागते, कुणाला राग आला तर येऊ दे.

हां, शेंगा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून वाळायला लागल्या. त्या सकाळीच काढायच्या, दंवाने नरम असतात तोवर. एक दिवस आळस केला, अकराला गेलो, हात लावला की तडकन फुटून दाणे मातीत. किलोभर तरी तिथेच गेले असतील, पारव्यांनी नीट वेचले.

काल रात्री अळसांद्याचं तोणाक (रस्साभाजी) केलं, भाजलेलं खोबरं घालून, बरोबर पाव. दाणा शिजून अख्खा राहिला पाहिजे नि जिभेखाली पीठ झाला पाहिजे, तसा झाला. आज सकाळी काकी शेर घेऊन आल्या. दिलेल्या बियाचे दीडपट परत, हा त्यांचा जुना नियम, मला आधी सांगितलाच नव्हता. दीड किलो नेले, मापून, आणि जाताना मेरेकडच्या त्या दाबलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "थंय पुढल्या वर्सा कुळीथ घाल."